मौलाना आझाद : पंडितजींचे सल्लागार आणि सोबती



नोव्हेंबर महिना आला की शाळेच्या दिनदर्शिकेत दोन दिवस अगदी जवळजवळ येतात. ११ नोव्हेंबरचा राष्ट्रीय शिक्षण दिन हा मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस, तर १४ नोव्हेंबरचा बालदिन हा पंडित जवाहरलाल नेहरूंचा. मौलानांचा जन्म १८८८ सालचा, पंडितजींचा १८८९ सालचा. म्हणजे मौलाना एक वर्ष आणि तीन दिवसांनी वडील. दोघांच्या तसबिरींना आपण हार घालतो, दोघांवर निबंध लिहितो. पण या दोघांचे एकमेकांशी नाते काय होते, हे बहुधा निबंधात येत नाही. एक पंतप्रधान आणि दुसरे त्यांचे शिक्षणमंत्री, एवढेच ते नाते होते काय? तसे नव्हते. जवळजवळ चाळीस वर्षे जवळून पाहिलेला, कारावासात शेजारी राहिलेला, पटले नाही तर स्पष्टपणे सांगणारा आणि सांगूनही साथ न सोडणारा असा सल्लागार पंडितजींना मौलानांच्या रूपाने लाभला होता. त्या नात्याची हकिगत आज तुम्हाला सांगावयाची आहे.

आरंभ आपल्या मावळातूनच करू या. लोणावळ्याच्या फलाटावर उभे राहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या तुम्ही कितीतरी वेळा पाहिल्या असतील. ९ ऑगस्ट १९४२ हा रविवार होता. आदल्या रात्री मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर काँग्रेस महासमितीने ‘भारत छोडो’चा ठराव मंजूर केला होता. ठराव मांडणारे पंडितजी होते आणि अध्यक्षस्थानी मौलाना आझाद होते. उजाडण्यापूर्वीच सरकारने पुढाऱ्यांना अटक केली आणि मुंबईहून एक खास गाडी निघाली. कर्जतहून बोरघाट चढून, खंडाळा आणि लोणावळा मागे टाकून, कामशेत, वडगाव, तळेगाव या मार्गाने ती पुण्याकडे धावली. गाडीत महात्मा गांधी होते, मौलाना होते, पंडितजी होते, कार्यकारिणीतले बाकीचे पुढारी होते. मावळ ओलांडल्यावर चिंचवडला गांधीजींना उतरविण्यात आले. त्यांच्याबरोबर महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन यांनाही उतरवून पुण्याच्या आगाखान महालात नेण्यात आले. अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाईंनी त्याच महालात देह ठेवला.

गाडी पुढे पुण्याला पोहोचली. पुढारी या गाडीत आहेत हे ओळखून फलाटावरचे लोक डब्याकडे धावले आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालविल्या. ते पाहताच पंडितजींचा संताप अनावर झाला. ते डब्यातून खाली उडी टाकून लाठ्या खाणाऱ्या लोकांकडे धावले. त्यांच्या पाठोपाठ आपले शंकरराव देवही उतरले. पोलिसांनी शंकररावांना बळजबरीने परत डब्यात आणले, तर पंडितजी मौलानांनी हाक मारल्यावर परतले. ही हकिगत पुढे मौलानांनीच आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. वाचकहो, या एका प्रसंगात दोन स्वभाव दिसतात. पंडितजी मनात येईल ते तत्काळ करणारे. मौलाना शांतपणे सारे पाहणारे, तोलणारे आणि लक्षात ठेवणारे. एक वारा, तर दुसरा वटवृक्ष. अशा दोघांची सोबत जमली ती कशी, हे समजण्यासाठी मौलानांचे पूर्वायुष्य पाहिले पाहिजे.

मौलानांचा जन्म मक्का शरीफ येथला. घरचे नाव मोहिउद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे नामांकित आलिम व पीर. आई अरब घराण्यातली. अहमद लहान असतानाच कुटुंब कलकत्त्याला येऊन राहिले. वडिलांचा नव्या शिक्षणावर विश्वास नव्हता, त्यामुळे मुलाला कोणत्याही शाळेत घातले नाही. घरीच अरबी, फारसी, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित असा जुन्या पद्धतीचा अभ्यास झाला. इतरांना जो अभ्यासक्रम पुरा करावयास विशी ओलांडावी लागे, तो या मुलाने सोळाव्या वर्षाच्या सुमारास संपविला. पुढे सर सय्यद अहमद खानांचे लिखाण वाचून त्याला नव्या विद्येची ओढ लागली, तेव्हा कोश आणि वर्तमानपत्रे समोर ठेवून तो स्वतःच इंग्रजी शिकला. पीराच्या गादीवर बसून मुरीदांकडून हात चुंबून घेण्याचे आयते जीवन त्याच्यापुढे होते. ते त्याने नाकारले. केवळ वारशाने आलेल्या समजुतींतून मोकळे व्हावे म्हणून त्याने ‘आझाद’ हे नाव घेतले.

१९१२ च्या जुलै महिन्यात कलकत्त्याहून त्यांचे ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक निघाले. तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. मुसलमानांनी सरकारच्या आश्रयाकडे न पाहता देशबांधवांबरोबर स्वातंत्र्यासाठी उभे राहावे, हे त्या पत्राचे सांगणे होते. सरकारने १९१४ साली ते बंद पाडले. मग ‘अल-बलाग’ निघाले, तेही बंद झाले. १९१६ साली मौलानांना बंगालमधून हद्दपार केले आणि रांचीला स्थानबद्ध करून ठेवले. तेथेही ते रिकामे बसले नाहीत. त्यांनी रांचीच्या मुसलमानांना एकत्र करून एक मदरसा उभा केला. स्थानबद्ध मनुष्य शाळा काढतो, हे आपल्या संस्थेसारख्या संस्थांनी विशेष ध्यानात ठेवावे. साधने नाहीत ही आपली नेहमीची सबब त्या माणसाने सांगितली नाही.

१९२० च्या जानेवारीत, सुटकेनंतर लगेच, दिल्लीत त्यांची गांधीजींशी भेट झाली. खिलाफत आणि असहकाराच्या चळवळीत ते पडले ते कायमचेच. १९२३ साली दिल्लीच्या खास अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांच्या वयाची ३५ वर्षेही पुरी झाली नव्हती. कायदेमंडळात जावे की न जावे यावरून काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. दोन्ही तटांना चालेल असा मार्ग निघाला आणि काँग्रेस दुभंगली नाही. भांडणाऱ्या दोघांच्या मधे बसून दोघांचेही ऐकावयाचे आणि शेवटी थोडक्यात आपले मत सांगावयाचे, ही मौलानांची हातोटी तेव्हापासूनच लोकांना ठाऊक झाली. जवाहरलालजींना त्यांचे मोल कळले ते याच वर्षांत.

१९४० साली रामगढच्या अधिवेशनात मौलाना दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. याचा अर्थ नीट पाहा. या सहा वर्षांत पदाने मौलाना वरिष्ठ होते आणि पंडितजी त्यांच्या कार्यकारिणीचे सभासद होते. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये क्रिप्स योजना आली, तेव्हा काँग्रेसतर्फे वाटाघाटी मौलानांनी केल्या आणि पंडितजी त्यांच्या बरोबर होते. मौलाना इंग्रजी ग्रंथ वाचीत, पण महत्त्वाचे बोलणे उर्दूतच करीत. पंडितजींचे इंग्रजीवर प्रभुत्व होते, जगाच्या राजकारणाची त्यांना माहिती होती. एकाकडे तोलून पाहणारी बुद्धी, दुसऱ्याकडे लेखणी आणि उत्साह. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, असे ते काम होते.

आता पुन्हा त्या गाडीकडे वळू. पुण्याहून निघून ती गाडी त्या वेळच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचली. चाँदबीबीने ज्याचे रक्षण केले त्याच किल्ल्यात कार्यकारिणीचे बारा जण कोंडले गेले. मौलाना, पंडितजी, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, शंकरराव देव असे हे लोक होते. जवळजवळ तीन वर्षे त्यांनी एकमेकांच्या सहवासात काढली. पंडितजींनी अंगणात फुलझाडे लावली. मौलाना पहाटे तीन-चारला उठत, आपल्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करीत आणि लिहावयास बसत. मित्राच्या नावे लिहिलेली, पण तेव्हा टपालात न पडलेली ती पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. आज ती उर्दू गद्याचे भूषण मानली जातात. त्यांत एक गमतीची गोष्ट आहे. मौलानांना चहात शुभ्र, स्वच्छ साखरच लागे. पंडितजींना मात्र गुळाचीही आवड. साखरेतला आणि गुळातला फरक जवाहरलालना काही केल्या पटवून देता आला नाही, अशी लटकी तक्रार मौलानांनी केली आहे. कारावासातली थट्टा ही खऱ्या मैत्रीची खूण असते.

त्याच किल्ल्यात पंडितजींनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी ज्या चार सोबत्यांचे ऋण विशेष नमूद केले, त्यांत मौलानांचे नाव आहे. दुसरे कोणतेही ग्रंथालय हाताशी नसताना मौलाना हेच त्यांचे चालतेबोलते ग्रंथालय होते. हिंदुस्थानचा शोध घेणाऱ्या त्या ग्रंथामागे मदरशाच्या शिक्षणावर वाढलेल्या एका विद्वानाचाही हात आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा.

मग ते दुःखाचे दिवस आले. कलकत्त्यात मौलानांच्या बेगम झुलेखा फार दिवस आजारी होत्या. १९४३ च्या वसंतात दुखणे बळावले. मौलानांनी मागणी केली तर ती सरकारकडे ताबडतोब पाठवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले. पंडितजींनीही येऊन त्यांच्याशी बोलणे केले. पण ज्या सरकारशी लढा चालू आहे त्याच्याकडे मेहरबानी मागावयाची नाही, असे मौलानांनी ठरविले होते. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगमसाहिबा निवर्तल्या. पतीची भेट झाली नाही ती नाहीच. वरून मौलानांनी आपला नित्यक्रम ढळू दिला नाही. आतून मात्र ते किती मोडले होते, हे त्यांच्या पत्रांतून कळते. वाचकहो, हा निर्णय बरोबर की चूक, हे ठरविणारे आपण कोण? एवढेच पाहावे की पंडितजींनी मित्राचे दुःख शेजारून पाहिले आणि त्याचा स्वाभिमानही शेजारून पाहिला. असा मनुष्य उद्या आपल्याला पटणार नाही असे काही बोलला, तर ते स्वार्थाने बोलला असे कोण म्हणेल?

आणि तसे बोलण्याची वेळ आलीच. १९४५ साली सारे सुटले. १९४६ साली ब्रिटिश मंत्र्यांचे त्रिमंत्री मंडळ आले. हिंदुस्थान एकसंध राहावा, परंतु प्रांतांना भरपूर अधिकार असावेत आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण असे मोजकेच विषय केंद्राकडे असावेत, अशी मौलानांची विचारसरणी होती. १६ मे १९४६ ची योजना पुष्कळशी याच धर्तीची होती. मौलानांना वाटले, फाळणी टळते आहे. याच सुमारास अध्यक्षपद सोडण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि आपल्या जागी जवाहरलालजींचे नाव स्वतः पुढे केले. नव्या अध्यक्षांनी १० जुलैला मुंबईत पत्रकारांपुढे, घटना समितीत काँग्रेस कोणत्याही कराराने बांधलेली नाही, अशा अर्थाचे निवेदन केले. महिना संपण्यापूर्वी मुस्लिम लीगने योजनेला दिलेली संमती काढून घेतली. मौलानांचे मत असे झाले की आपण अध्यक्षपद सोडले ही आपली मोठी चूक, आणि पंडितजींचे ते निवेदन ही त्यांची चूक. इतिहासकारांत यावर आजही मतभेद आहेत. लीगला ती योजना मनापासून हवी होती काय, असे विचारणारेही आहेत. पण आपला विषय निराळा आहे. मौलानांनी आपले मत लपविले नाही. फाळणीचा विचार पक्का होऊ लागला तेव्हाही त्यांनी पंडितजींना पुनःपुन्हा समजाविले, इतिहास आपल्याला क्षमा करणार नाही असा इशारा दिला. त्यांचा सल्ला मानला गेला नाही. ज्या एका गोष्टीसाठी आयुष्य वेचले, तीच हातातून गेली.

येथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा. आपला सल्ला डावलला गेला तर आपण काय करतो? रुसतो, घरी बसतो, चार लोकांत निंदा करतो. संस्थेतून राजीनामे पडतात, भाऊ भावाशी बोलेनासा होतो. मौलानांनी काय केले? जानेवारी १९४७ मध्येच ते हंगामी सरकारात शिक्षण खात्याचे मंत्री झाले होते. ते काम त्यांनी चालू ठेवले. फाळणीनंतर दिल्लीत रक्तपात झाला. घरे सोडलेले हजारो मुसलमान जुना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे आसऱ्याला आले. त्या दिवसांत पंडितजी आणि मौलाना निर्वासितांत हिंडले. ऑक्टोबरात जामा मशिदीत जमलेल्या लोकांना मौलानांनी धीर दिला: हा देश तुमचाच आहे, भयाने पळू नका. पंतप्रधानांच्या शब्दाला त्या दिवसांत मौलानांच्या शब्दाची जोड होती, आणि मौलानांच्या शब्दाला पंतप्रधानांच्या अधिकाराची. दोघांनाही एकमेकांची गरज होती.

पुढे मृत्यूपर्यंत, अकरा वर्षे, मौलाना शिक्षणमंत्री राहिले. १९४८ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. १९५२ साली माध्यमिक शिक्षण आयोग आला. १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले. ऑगस्ट १९५१ मध्ये मौलानांनी खरगपूरच्या पहिल्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे उद्घाटन केले. ज्या हिजली छावणीत इंग्रजांनी राजबंदी कोंडले होते, त्याच इमारतीत ती संस्था सुरू झाली. संगीत नाटक अकादमी, साहित्य अकादमी, ललित कला अकादमी या तिन्ही संस्था त्यांच्याच कारकिर्दीतल्या. फाळणीने हादरलेल्या अलीगढ विद्यापीठाला १९४८ साली डॉ. झाकिर हुसेन यांच्यासारखा कुलगुरू मिळाला. पंडितजींना विज्ञान आणि नव्या विद्येचा ध्यास होता. मौलानांनी त्याला संस्थांचे रूप दिले. ज्याला शाळेची पायरी चढावयास मिळाली नाही, त्याने देशाच्या मुलांसाठी शाळांची दारे उघडली.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलाना दिल्लीत पैगंबरवासी झाले. लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधल्या मैदानात त्यांची कबर आहे. पंडितजींना तो आघात फार लागला. त्यांच्या आयुष्यातला सल्ल्याचा मोठा आधार गेला होता. १९९२ साली मौलानांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ हा किताब दिला गेला.

आता शेवटची गोष्ट सांगतो. मौलानांनी अखेरच्या वर्षांत प्रा. हुमायून कबीर यांच्याजवळ उर्दूत आपल्या आठवणी सांगितल्या आणि कबीरांनी त्यांचे इंग्रजी पुस्तक केले. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या नावाने ते १९५९ साली प्रसिद्ध झाले. काही पाने मात्र मौलानांच्या इच्छेप्रमाणे मोहोरबंद ठेवली होती. ती ३० वर्षांनी, १९८८ साली उघडली. छापलेल्या भागात पंडितजींच्या चुका आहेत, मोहोरबंद पानांत तर त्या अधिक रोखठोक आहेत. आणि हे पुस्तक अर्पण कोणाला केले आहे? मित्र आणि सोबती म्हणून जवाहरलाल नेहरूंनाच!

पालकहो, मला तर या अर्पणपत्रिकेतच दोघांचे सारे नाते दिसते. चूक दाखविली म्हणून मैत्री तुटत नाही आणि मैत्री आहे म्हणून चूक झाकावयाची नसते. होयबा पुष्कळ मिळतात. पण ज्याच्याजवळ इल्म आहे, ज्याला स्वतःसाठी काही नको आहे आणि जो आपले म्हणणे हरल्यावरही कामाला हात लावतो, तोच खरा सल्लागार. आपल्या मुलामुलींना मोठमोठ्या परीक्षा पास करण्यास तर सांगाच. पण घरात बापाला, वर्गात गुरुजींना, संस्थेत अध्यक्षांना अदबीने ‘हे मला पटत नाही’ असे म्हणण्याची मुभाही द्या. मुभा नसेल तर आझाद घडावयाचे कसे?

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी लोणावळ्याहून पुण्याला जाताना तळेगाव मागे पडले की खिडकीबाहेर पाहा. याच मार्गाने एके दिवशी दोन मित्र कैदी म्हणून गेले होते. पाच वर्षांनी तेच दोघे स्वतंत्र देशाचा कारभार पाहू लागले. त्यांच्यातला थोरला शाळेत कधीच गेला नव्हता. तुम्हाला शाळा मिळाली आहे. तिचे सोने करा.